चुना, कोळसा आणि तीन वाट्या

काचेच्या खोलीत तुम्ही बसला आहात. बाहेर पादुआ शहर, उत्तर इटलीतलं कडक ऊन. आत थंड, कोरडी हवा. तुमच्यासोबत आणखी चोवीस जण आहेत. कपड्यांवरची धूळ आणि श्वासातला दमटपणा पलीकडच्या भिंतींना बाधू नये, म्हणून इथे पंधरा मिनिटं थांबावंच लागतं. त्यानंतर दार उघडतं आणि स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात.

बहुतेक जण इथे निळ्यासाठी येतात. छतभर पसरलेलं, सोनेरी चांदण्यांचं ते निळं आभाळ जगभरच्या पुस्तकांत छापलेलं आहे. तुम्हाला मात्र भिंतीच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यातल्या करड्या आकृत्या पाहायच्या आहेत. एकूण चौदा. सात सद्गुण, सात दुर्गुण. चित्रकार जोत्तोने त्या एकाच रंगाच्या उजळ-गडद छटांत रंगवल्या. शाळेत ड्रॉइंगच्या तासाला नऊ चौकोन आखून, पांढरा वाढवत एका टोकाला आणि काळा वाढवत दुसऱ्या टोकाला जाताना तुमचा हात थरथरला होता, ते तुम्हाला आठवतं. त्या नऊ चौकोनांतून माणूस कसा उभा राहतो, ते तुम्हाला बघायचं आहे.

दार उघडतं. तुम्ही उंबरा ओलांडता आणि नाकात ओल्या चुन्याचा वास शिरतो.

साल 1304. सप्टेंबर महिना, द्राक्षतोडणीचा हंगाम. बाहेर गाड्यांच्या चाकांचा करकराट चालला आहे. ज्या जमिनीवर तुम्ही उभे आहात तिथे हजारभर वर्षांपूर्वी रोमन लोकांचं मैदानी प्रेक्षागार होतं. म्हणून लोक या जागेला आजही ‘अरेना’च म्हणतात. 1300 मध्ये एन्रिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य माणसाने ती विकत घेतली, वाडा बांधला आणि वाड्याला लागून हे चॅपल उठवलं. जेमतेम एकवीस मीटर लांब आणि साडेआठ मीटर रुंद असं हे एकच साधं दालन. खांब नाहीत, नक्षी नाही. वाडा उत्तरेला चिकटलेला, त्यामुळे त्या भिंतीला एकही खिडकी नाही. दक्षिणेच्या भिंतीला सहा आहेत. पश्चिमेला दाराच्या वर तीन कमानींची मोठी खिडकी. इथला उजेड एवढाच. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा उजेड कुठून येतो, हे आधी मनात पक्कं करून ठेवा.

मान वर करा. भिंतींच्या वरच्या बाजूला येशूचं आणि मेरीचं चरित्र रंगवून झालं आहे: गुलाबी, हिरवे, पिवळे, निळे झगे. भित्तिचित्राचं काम नेहमी वरून खाली येतं, नाहीतर वरचे ओघळ खालच्या चित्रावर उतरतात. आता परांची तुमच्या छातीइतक्या उंचीवर आली आहे. वरच्या रांगा संपल्या, म्हणजे इथे पोचायला कार्यशाळेतल्या सगळ्यांना दोन पावसाळे लागले असावेत, असं तुम्ही त्यांच्या हातांकडे बघून म्हणता. बोटांच्या पेरांवर चुन्याने पडलेल्या भेगा आहेत.

एक गवंडी मळलेला गिलावा थापीने लावतो आहे. तुमच्या आजोळच्या वाड्याच्या भिंतीत जो चुना होता, बैल जुंपलेल्या घाणीत जो दिवसदिवस मळला जायचा, त्याचाच हा दूरचा भाऊ. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा, वाळू घालून मळायचा. पहिला थर खरबरीत. त्यावर गेरूसारख्या तांबड्या मातीने आकृतीची रेखा काढलेली आहे. या मातीचं नाव सिनोपिया, काळ्या समुद्रावरच्या सिनोप बंदरावरून पडलेलं. आणि आता, भल्या सकाळी, त्या रेखेवर दुसरा पातळ, गुळगुळीत थर चढतो आहे. फक्त आज रंगवून होईल एवढ्याच जागेपुरता. इथे त्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, एका दिवसाचं काम.

अजिंठ्याला तुम्ही गेला आहात. तिथला गिलावा वाळल्यावर, चिकट माध्यमात कालवलेला रंग वर चढवलेला आहे. इथली रीत वेगळी. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक नाही, अंडं नाही. विझवलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. पृष्ठभागावर त्याचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. या खालच्या पट्ट्यात चित्रकाराला दगडी पुतळ्यांचा आभास निर्माण करायचा आहे आणि ज्या भिंतीवर तो रंगवतो आहे ती रात्रीपर्यंत खरोखर दगड होत जाणार आहे.

कोपऱ्यात एक पोरगा जांभळट दगडाच्या पाट्यावर काहीतरी वाटतो आहे. तुम्ही त्याच्याशेजारी उकिडवे बसता. पाट्यावर काळं आहे: द्राक्षवेलीच्या डहाळ्या जाळून केलेला कोळसा. साधं पाणी घालून तो वाटतो आहे, थांबत नाही. बोटावर घेऊन चोळलात तर रेतीचा एकही कण लागत नाही. या काळ्यात किंचित निळी झाक आहे, म्हणून त्यातून निघणारा करडा थंड दिसतो, सावलीतल्या संगमरवरासारखा.

पांढरा शेजारच्या फळीवर आहे. छोट्या छोट्या वड्या. आपल्याकडे गच्चीवर सांडगे वाळत घालतात, तशा या वड्या उन्हात वाळवलेल्या आहेत. या पांढऱ्याला पुढे ‘संत योहानाचा पांढरा’ म्हणतील. उत्तम विझवलेला चुना बारीक कुटायचा, आठ दिवस पाण्यात ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वड्या थापायच्या. जितक्या जुन्या, तितका पांढरा शुभ्र. शिशापासून केलेला सफेदा याहून झाकणारा आणि दाट असतो, पण भिंतीवर तो काळा पडतो. म्हणून या कामात तो चालत नाही.

म्हणजे आजच्या आकृतीसाठी लागणारा सगळा माल तुमच्यासमोर आहे. कोळसा आणि चुना. चुलीतला आणि पानाच्या डबीतला.

पोरगा तीन वाट्या मांडतो. पहिल्या वाटीत गडद करडा. दुसऱ्या वाटीत पांढरा घालून खूप उजळवलेला. तिसरी वाटी या दोघींना सारख्या प्रमाणात मिसळून. प्रत्येक वाटीचा कुंचला वेगळा. हे तीन वाट्यांचं शास्त्र तुम्हाला पुस्तकात वाचायला मिळणार आहे, पण त्याला अजून शंभर वर्षं आहेत. सुमारे 1400 मध्ये चेन्नीनो चेन्नीनी नावाचा चित्रकार ते लिहून ठेवील. चेन्नीनो बारा वर्षं आन्योलो गाद्दीकडे शिकला; आन्योलो हा तद्देओ गाद्दीचा मुलगा आणि शिष्य; आणि तद्देओ चोवीस वर्षं जोत्तोच्या हाताखाली होता. गाण्याच्या घराण्यात बंदिश जशी उतरत येते, तशा या तीन वाट्या उतरत गेल्या.

चाळिशीच्या अलीकडचा एक माणूस परांचीजवळ येतो. कोणी आरोळी देत नाही, पण पोरगा उठून उभा राहतो. जोत्तो दी बोंदोने. तो वाट्यांकडे बघतो, कुंचल्याचा एक थेंब कोरड्या विटेवर सोडतो आणि वाट पाहतो. वीट पाणी पिते. थेंब डोळ्यांदेखत उजळत जातो. हीच खरी मेख आहे. ओल्या गिलाव्यावर रंग गडद दिसतो आणि वाळला की चढत्या पायऱ्यांनी फिका होतो. आत्ता जो करडा दिसतो आहे तो उद्या नसेल. उद्याचा करडा आजच डोळ्यांपुढे आणून हात चालवायचा. रंगीत चित्रात एखादी छटा चुकली तर शेजारचा लाल किंवा हिरवा ती सांभाळून घेतो. इथे सांभाळून घ्यायला कोणीच नाही.

आजची आकृती आहे मत्सर. वर लॅटिनमध्ये तेच नाव लिहिलं जाईल: इन्विदिया. जागा उत्तरेच्या भिंतीवर, पश्चिमेच्या दाराकडून दुसरी. आपण षड्रिपू म्हणतो. इथे दुर्गुण सात आहेत. क्रोध आणि मत्सर दोन्ही यादींत आहेत, एवढं बघून तुम्हाला ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

पहिली वाटी. गडद करड्याने तो सावल्या मांडत जातो: झग्याच्या खोल चुण्या, हनुवटीखाली, बगलेत, मागे सरकलेल्या पायाच्या पोटरीवर. अजून माणूस नाही. भिंतीवर ढगांचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. दुसऱ्या कुंचल्याने मधला करडा. तो गडदाला जिथे भेटतो, तिथे कडा ओल्या असतानाच एकमेकींत विरघळवून घेतल्या जातात. आणि तुमच्या समोर, कुठलीही रेघ न ओढता, एक खांदा वळतो. तुम्ही नकळत बाजूला सरकता, कारण तो खांदा तुमच्या अंगावर येतो आहे असं वाटतं. मग उजळ करडा: खांद्याचा माथा, कपाळ, नाकाचा दांडा, मुठीची हाडं. शेवटी निव्वळ पांढऱ्याचे मोजके स्पर्श, आणि निव्वळ काळ्याचे त्याहून मोजके.

बाई आता पुरती दिसू लागली आहे. मोठाले कान, कारण मत्सराला दुसऱ्याची प्रत्येक गोष्ट ऐकायची असते. एक हात नख्यांसारख्या बोटांनी पुढे झेपावलेला, दुसऱ्यात पैशांची थैली घट्ट धरलेली. पायाशी ज्वाळा. तोंडातून जिभेच्या जागी साप निघाला आहे आणि तो वळून तिच्याच डोळ्यांवर उलटला आहे. हे सगळं लाल, पिवळ्या, हिरव्यात रंगवलं असतं तर जत्रेतला देखावा झाला असता. करड्यात तिच्यापासून नजर हलत नाही. लाल दिसला असता तर तुम्ही आग बघितली असती, हिरवा दिसला असता तर साप. आता तुम्ही फक्त वाकलेली पाठ बघता आहात, जी ज्वाळांत उभी राहूनही पुढच्या माणसाच्या वस्तूकडेच ताणलेली आहे.

दुपार सरते. गिलाव्याचा ओलावा उतरू लागतो, कुंचला किंचित ओढला जातो. कार्यशाळेतल्या सगळ्यांच्या हालचाली वेगावतात. कडेला उरलेला कोरा गिलावा गवंडी तिरक्या सुरीने छाटून टाकतो, म्हणजे उद्याचा तुकडा नीट जोडता येईल. आजचं आज झालं. जे राहिलं असतं ते खरवडून उद्या पुन्हा नव्या गिलाव्यावर करावं लागलं असतं.

तुम्ही समोरच्या, दक्षिणेच्या भिंतीकडे जाता. मत्सराच्या बरोबर समोर दया उभी आहे. एका हातात फळाफुलांनी भरलेलं पात्र. दुसऱ्या हाताने ती आपलं हृदय वर देवाला देते आहे. तिच्या पायांखाली पैशांच्या थैल्या आहेत. समोरच्या बाईने घट्ट धरलेली तीच थैली हिने पायदळी घेतली आहे. पैसा कशात मोजतात हे या घराला चांगलं ठाऊक आहे. एन्रिकोचा बाप रेजिनाल्दो सावकारी करत असे, आणि आणखी काही वर्षांनी कवी दान्ते आपल्या महाकाव्यात त्याला नरकातल्या व्याजखाऊंमध्ये बसवणार आहे.

सगळ्या आकृत्यांची अशीच जोडी जमवली आहे: विवेकासमोर मूर्खपणा, धैर्यासमोर घसरत्या चाकावर तोल सावरणारी चंचलता, संयमासमोर स्वतःचा झगा फाडणारा क्रोध. मधोमध न्याय आणि अन्याय. न्याय ही मुकुट घातलेली राणी. तिच्या आसनाखालच्या पट्टीवर इवलीशी माणसं नाचत आहेत, शिकारीला निघाली आहेत, प्रवास करत आहेत. अन्यायाच्या खालच्या पट्टीवर वाटमारी. राज्य नीट चाललं तर लोक नाचतात आणि निर्धास्त प्रवास करतात, एवढी मोठी गोष्ट हातभर पट्टीत, एका रंगात सांगून झाली आहे. शेवटची जोडी आशा आणि निराशा, आणि तिथून पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम निवाड्याचं भव्य चित्र. सद्गुणांची रांग स्वर्गाच्या बाजूला जाऊन टेकते, दुर्गुणांची नरकाच्या.

सगळं वर इतकं रंगीत आणि खाली हे करडं का, असा प्रश्न तुम्हाला सकाळपासून पडला आहे. उत्तर समोर आहे. वर माणसं आहेत: जन्मलेली, रडलेली, गेलेली. खाली कल्पना आहेत. मत्सर कोणा एका बाईचा नाही, न्याय कोणा एका राणीचा नाही. त्यांना त्वचेचा रंग दिला असता तर त्या कुणीतरी झाल्या असत्या. दगडाचा रंग दिल्यावर त्या सगळ्यांच्या झाल्या. शिवाय याच चॅपलच्या वेदीवर जोव्हान्नी पिसानोने घडवलेली खऱ्या संगमरवराची मेरी उभी राहणार आहे. शिल्पकार छिन्नीने जे करतो, ते चित्रकार नुसत्या सावलीने करू शकतो, हे त्याच दालनात, त्याच उजेडात दाखवायचं होतं.

आता दिवस मावळतो आहे. घाई करू नका, आजची सगळ्यात मोलाची वेळ हीच.

पश्चिमेच्या खिडकीतला उजेड तांबूस होतो, मग विझतो. वरच्या रांगांमधला गुलाबी पहिल्यांदा जातो, मग हिरवा. मग निळाही काळोखा होतो. अंधूक उजेडात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. उजळ आणि गडद एवढंच कळतं. सगळं चॅपल करडं होतं. आणि तुमच्या लक्षात येतं की वरच्या चित्रांतलं काहीही कोसळलेलं नाही. मृत येशूवर वाकलेली आई अजून वाकलेलीच आहे. दगा देणाऱ्या यहूदाचा झगा अजून येशूला वेढतो आहे. झग्यांचं वजन, गालांची गोलाई, दोन माणसांमधलं अंतर, सगळं जागच्या जागी. रंग निघून गेल्यावरही चित्र उभं आहे, कारण प्रत्येक लाल, प्रत्येक हिरवा याच तीन वाट्यांवर चढवलेला आहे. खालच्या चौदा आकृत्यांत जोत्तोने वरच्या सगळ्या चित्रांचा सांगाडा उघडा करून दाखवला आहे.

अंधार पडतो आणि वर्षं सरकू लागतात. 16 मार्च 1305: चॅपलच्या अभिषेकासाठी सान मार्को चर्चमधले भरजरी पडदे उसने द्यायला व्हेनिसची महासभा मान्यता देते. 25 मार्चला अभिषेक. मग एक उडी, 1432, गेंट शहर. चित्रकार यान व्हान आइकच्या वेदीचित्राची दारं मिटलेली आहेत आणि मिटलेल्या दारांवर दोन योहान करड्या दगडात उभे आहेत. इथे माध्यम तेलाचं आहे, गिलावा वाळायची घाई नाही. एक छटा दुसरीत दिवसदिवस विरघळवता येते. सणाला दारं उघडतात आणि आतून रंगांचा पूर बाहेर येतो. एरवी लोक करड्यासमोरच प्रार्थना करतात. त्यानंतर 11 मार्च 1944. पादुआवर बॉम्ब पडतात. इथून हाकेच्या अंतरावरचं एरेमितानी चर्च उद्ध्वस्त होतं आणि चित्रकार मान्तेन्याची भित्तिचित्रं ढिगाऱ्यात जातात. हे चॅपल वाचतं.

दार बंद झाल्याचा आवाज येतो. तुम्ही पुन्हा आजच्या पादुआत आहात. चोवीस जणांच्या माना वर वळलेल्या. तुम्ही मेरीच्या झग्याकडे बघता. तो निळा अझुराइटचा, महागडा. ओल्या चुन्यात टिकत नाही म्हणून कोरड्या गिलाव्यावर चिकट माध्यमाने लावलेला. अनेक चित्रांत तो झग्यावरून गळून गेला आहे आणि खालचा गिलावा दिसतो आहे. मग खाली बघता. कोळसा आणि चुना, ज्यांची किंमत कोणी मोजली नसेल, ते दगड झाले आहेत. मत्सर अजून पुढे ताणलेली आहे. साप अजून तिच्या डोळ्यांवर आहे. खांद्यावरचा तो उजळ करडा, जो तुम्ही ओला बघितला होता, ठरल्याप्रमाणे वाळला आहे.

घरी गेल्यावर एक करा. बारा नळ्यांची पेटी बाजूला ठेवा. कोणताही एक रंग घ्या, पांढरा घ्या, काळा घ्या. खिडकीत मातीचं मडकं ठेवा आणि उजेड कोणत्या बाजूने येतो ते आधी ठरवा. तीन वाट्या करा: गडद, मधली, उजळ. सावल्यांपासून सुरुवात करा, पांढरा शेवटी आणि अगदी थोडा. मडकं कागदातून फुगून पुढे येईपर्यंत चौथी वाटी घेऊ नका.